नारळ म्हणजे कुठला?

आमच्या जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, एकदा एक नारळ आला. एकच. कुठल्यातरी पोर्टवर प्रोव्हिजन चढवताना फळांच्या खोक्यात चुकून आला असणार, कारण ऑर्डरमध्ये तर नव्हता. कुकने तो फोडायला आधी सुरी घेतली, मग हातोडी, मग मी पाहिलं तर हा बाबा चक्क भिंतीवरच्या फायर ॲक्सकडे बघतोय, तेवढ्यात आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आत आला, नारळ कानाशी नेऊन हलवला, डेकवर जाऊन बोलार्डच्या (दोर बांधायच्या लोखंडी खुंटाच्या) कडेवर फिरवत फिरवत तीन टोले दिले आणि दोन सारख्या वाट्या आणून कुकच्या हातात ठेवल्या. पाणी अर्थात स्वतः पिऊन टाकलं.

मी तेव्हा सेकंड ऑफिसर होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमच्या भाषेत कोकोनटला काय म्हणतात?

तर म्हणाला, "विच वन, सेकंड?"

मला वाटलं खेचतोय. समोर एकच तर नारळ होता आणि तोही फुटलेला. पण तो खरंच विचारत होता.

बोसन किरिबातीचा. म्हणजे लिहायचं किरिबाती आणि म्हणायचं किरिबास, कारण त्यांच्या भाषेत ‘ती’ लिहिलं की ‘स’ वाचतात. (या बेटांच्या गिल्बर्ट या जुन्या इंग्रजी नावाचं अनेकवचन त्यांच्या तोंडात बसवलं की किरिबास होतं, आणि ख्रिसमस बेटाचं स्पेलिंग म्हणूनच किरितिमाती असं विचित्र दिसतं.) पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३३ बेटं, सगळी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर, आणि ती विखुरली आहे जवळजवळ ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात. माणसं साधारण १ लाख २० हजार. त्यातले बरेच पुरुष जगभरच्या जहाजांवर, कारण तारावा बेटावर बेतिओला १९६७ पासून खलाशांचं ट्रेनिंग सेंटर आहे आणि तिथून निघालेली पोरं जर्मन मालकांच्या जहाजांवर वर्षानुवर्षं कामाला जात आली. आमचा बोसन त्यातलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि एकदा बोलायला लागला की रंगाचा ब्रश हातात सुकून जाईपर्यंत थांबत नाही असा.

तर नारळ. झाड असेल तर ते नी. कोवळं, पाणी प्यायचं, ते मोईमोतो. पिकलेला, आपण फोडला तसा, ते बेन. सोडण कुजवून काढलेला काथ्या तो ते बेनू. त्या काथ्याची वळलेली दोरी ते कोरा. वाळवून विकायचं खोबरं ते ताकाताका. पोयीतून, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून, काढलेला गोड रस ते कारेवे. आणि हे तो सांगत होता तेव्हा मी मनातल्या मनात हसत होतो, कारण प्रत्येक शब्दाआधी हा माणूस ‘ते’ म्हणत होता आणि माझ्या कानाला ते मराठीच वाटत होतं. ते झाड, ते फळ, ते बेन. त्यांच्या भाषेत ‘ते’ म्हणजे नुसतं आर्टिकल, इंग्रजीतल्या ‘द’ सारखं, एकवचनी नामांना लागतं. नीरफणसाला ते म्हणतात ‘ते माई’. आता हे ऐकून मराठी माणसाने चेहरा कसा सरळ ठेवायचा?

पण त्या रात्री वॉचवर (माझा बारा ते चार असायचा, समोर काळं पाणी आणि रडारवर काही नाही) डोक्यात दुसरंच फिरायला लागलं. मला त्याचं ‘कुठला’ विचित्र का वाटलं? मराठीत कोणी मला "नारळाला काय म्हणतात" विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो ना. माड वेगळा, शहाळं वेगळं, नारळ वेगळा, खोबरं, करवंटी, सोडण, काथ्या, सुंभ, झावळी, पोय, नीरा, माडी. माझ्याकडे हे सगळं होतंच की. त्याच्याकडेही होतं. फक्त आम्ही दोघं बोलत होतो इंग्रजीत, आणि इंग्रजीत तिथे जवळजवळ एकच शब्द आहे, कोकोनट, आणि मग त्यालाच शेपट्या लावायच्या, कोकोनट वॉटर, कोकोनट ट्री, कोकोनट अमुक. दोन श्रीमंत माणसांनी एकमेकांशी व्यवहार करायला मधे एका पैशाचं नाणं ठेवल्यासारखं झालं होतं ते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी वही काढली आणि आम्ही मधलं इंग्रजी काढून टाकायचं ठरवलं. म्हणजे पूर्ण नाही निघत, समजावून सांगायला लागतंच, पण वहीत फक्त दोनच रकाने. डावीकडे त्याचा शब्द, उजवीकडे माझा.

सुरुवातीला फार मजा आली. मोईमोतो, शहाळं. बेनू, काथ्या. कोरा, सुंभ. ताकाताका, सुकं खोबरं. आणि कारेवेच्या घरात तर जोड्या अशा फटाफट लागल्या की बोसन स्वतःच टाळ्या द्यायला लागला. कारेवे म्हणजे नीरा. ती आंबवली की ते काओकिओकी, म्हणजे माडी. आणि ताजी असताना आटवली की ते कामाईमाई, दाट, तपकिरी, गोड, हिला मी काकवी लिहिलं, उसाची नाही हे माहीत असूनही लिहिलं कारण धार बोटावरून कशी सोडतात ते त्याने हाताने करून दाखवलं आणि तो हात काकवीचाच होता.

कारेवे म्हणजे तिथल्या पुरुषाचं रोजचं काम. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा माडावर चढायचं, न उमललेली पोय दोरीने घट्ट बांधलेली असते, तिचं टोक धारदार सुरीने अगदी पातळ तासायचं, खाली भांडं अडकवायचं. आधी करवंटी असायची, आता बाटली. आणि वर असताना गायचं. म्हणजे गायलाच पाहिजे असं नाही पण सगळे गातात, आणि बोसनच्या म्हणण्याप्रमाणे यामागे एक व्यावहारिक कारण पण आहे, खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं की वर माणूस आहे. खरं खोटं त्याचं त्याला माहीत. पण एक गोष्ट पक्की, ताजी कारेवे ही नुसती चैन नाही, जिथे भाजी उगवत नाही तिथे क जीवनसत्त्व येणार कुठून, ते यातून येतं, लहान पोरांना सुद्धा पाजतात. आणि मिशनऱ्यांना काओकिओकीचा राग होता पण कारेवेला हात लावता येईना, कारण दोन्हीमध्ये फरक फक्त काही तासांचा.

मग आलं ते काईना. इथे वही अडली.

काईना म्हणजे केवड्याच्या जातीचं झाड. मी पटकन उजवीकडे ‘केवडा’ लिहिलं आणि बोसनला सांगायला लागलो की याच्या कणसाचा वास कसा असतो, अत्तर कसं काढतात, डोक्यात कसा माळतात. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, आणि फळ? मी म्हटलं फळाचं काय. तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी म्हणालो होतो गाय पाळतो पण फक्त शेपटीसाठी.

त्यांच्याकडे काईना म्हणजे आधी फळ. फळ म्हणजे अननसासारखा मोठा गोळा, त्याच्या सुट्या सुट्या पाकळ्या निघतात, पिवळ्या नारिंगी, त्या चघळायच्या, उकडायच्या. उकडून, गर काढून, पातळ पसरून उन्हात वाळवला की होतं ते तुआए. आंबापोळीच म्हणा ना. आणि पार कोरडं करून कुटलं की ते काबूबू, पीठ, पाण्यात कालवून प्यायचं. हे काबूबू महिनोन् महिने टिकतं, म्हणून होड्यांतून लांब जायचे तेव्हा हीच शिदोरी असायची. (आमच्या जहाजावरचे टिनमधले बीन्स खाताना बोसन जे काही पुटपुटायचा त्यात हा शब्द मला नंतर ओळखू यायला लागला.) पानांचं तर विचारूच नका. छपराला शाकारतात ते राऊ, निजायची चटई ती ते किए, होडीचं शीड ते इए, सगळं काईनाच्या पानांचं. काटे काढायचे, आगीवर शेकायचं, कुटून मऊ करायचं, गुंडाळी करून ठेवायची, मग पट्ट्या कापून विणायचं, आणि हे काम बायकांचं. या झाडाच्या नाव असलेल्या जाती शंभराच्या वर आहेत तिथे. कुठलीचं फळ गोड, कुठलीचं पान लांब, कुठली नुसती छपराला बरी.

मी ‘केवडा’ खोडलं. झाड तेच आहे, वनस्पतिशास्त्रवाला मला नक्की सांगेल की जवळजवळ तेच आहे, पण शब्द तो नाही. उजवा रकाना मी बरेच दिवस रिकामा ठेवला.

हे वाचून कोणाला वाटेल की एवढ्याशा बेटांवर एवढी झाडं आहेत तरी किती. तर फारच कमी आहेत. प्रवाळाची रेती, समुद्रसपाटीपासून दोन तीन मीटर उंच, माती नावालाच, दक्षिणेकडच्या बेटांवर पाऊस वर्ष वर्ष रुसतो (उत्तरेला बुतारितारीला मात्र भरपूर पडतो, तिथली माणसं म्हणे त्यामुळे जरा आरामशीर असतात, दुसऱ्या बेटाच्या माणसांबद्दल असं बोलायची पद्धत सगळीकडेच असते). माणसाने नंतर आणलेली सोडली तर मूळची झाडं झुडपं गवतं मिळून शंभरही भरत नाहीत. आणि बहुतेक त्यामुळेच एकही फुकट जात नाही. जिथे झाडांचे हजार प्रकार असतात तिथे अर्ध्यांना आपण ‘रान’ म्हणून मोकळे होतो.

२०१८ मध्ये बोसन सुट्टीवर असताना मी तारावाला गेलो. दहा दिवस. फिजीच्या नांदीहून विमान, खाली तीन तास निळंच निळं आणि मग अचानक एक पांढरी हिरवी दोरी पाण्यावर टाकल्यासारखी. बोन्रिकीच्या धावपट्टीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला लगून (बेटाने वेढलेलं उथळ पाणी), मधे आपण. दक्षिण तारावामध्ये देशातली निम्मी माणसं कोंबलेली, रस्ता एकच, घराला घर चिकटलेलं. बोसनचं घर मात्र उत्तर तारावाला, तिथे गर्दी संपते, आणि तिथे त्याची आई. ऐंशीच्या पुढची. म्हातारीला तिथे उनाईने म्हणतात आणि तो शब्द आदराचा आहे, पण मी आजीच म्हणालो, त्याही त्याला ओ द्यायला लागल्या. आजींना इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे मधे पुन्हा बोसन आणि त्याचं इंग्रजी.

आजींनी पहिल्याच सकाळी मला खड्डा दाखवला.

हा खड्डा म्हणजे त्यांची इस्टेट. प्रवाळाच्या बेटाखाली पावसाचं गोडं पाणी भिंगासारखं तरंगत असतं, खालच्या खाऱ्या पाण्यावर, कारण ते हलकं. तिथपर्यंत खोदायचं, हातांनी, पिढ्यांमागे कोणीतरी खोदलेलं असतं, आणि त्या ओल्या तळाशी लावायचं ते ब्वाब्वाई. अळूचा भाऊबंद पण राक्षस, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर पानं, एकेक पान म्हणजे पावसात दोघं मावतील. मी शिकलो होतो म्हणून ‘अळू’ लिहिलं नाही. कंद जमिनीत वर्षानुवर्षं वाढवतात. रोजच्या जेवणासाठी नाही, लग्नाला, पाहुण्यांना, म्वानेआबात (गावाचं मोठं सभागृह, ज्यात खिळा नाही, सगळं कोराने बांधलेलं) मोठ्यांसमोर मांडायला. कोणाचा कंद मोठा यावर घराची इज्जत.

आता गंमत अशी की ब्वाब्वाई वाढतं कशावर? रेतीवर तर काहीच वाढत नाही. प्रत्येक रोपाभोवती पानांची विणलेली बिनबुडाची टोपली असते, गळ्यात कॉलर घातल्यासारखी, आणि तिच्यात पाला भरत जायचा, कुजला की परत भरायचा. आणि हा पाला कुठलाही चालत नाही. ते उरी, ते रेन, ते माओ, ते कियाऊ, ते माईचा, ते किआइआईचा. आजी एकेका झुडपाजवळ नेत होत्या आणि नाव सांगत होत्या, आणि मला तोपर्यंत वाटत होतं हे किनाऱ्यावरचं रान आहे, म्हणजे ज्याला आपण बघून न बघितल्यासारखं करतो ते, आणि तिथे एकही झाड बिननावाचं नव्हतं. रेनची पानं चंदेरी, लव असलेली, हातात घेतली तर मांजराच्या कानासारखी. उरीची फुलं पांढरी, रात्री वास सुटतो, माळांना वापरतात, तेलाला वास लावतात. माओचं फूल अर्धंच, म्हणजे खरंच कोणीतरी अर्धं कापून नेल्यासारखं. किआइआई म्हणजे आपली बेलपट, तिच्या सालीचा धागा निघतो. हे सगळे मिळून शेवटी खड्ड्यात जातात. कोणता पाला किती, कधी वाळवून, कधी ओला, कशात मिसळून, ते विचारल्यावर आजी हसल्या आणि बोसनने भाषांतर केलं नाही.

नंतर त्याने सांगितलं, ते घरातलं असतं. खत कसं द्यायचं ते बाप मुलाला सांगतो, शेजाऱ्याला नाही. त्याच्या बाबतीत पंचाईत अशी की तो सोळा सतरा वर्षांचा बेतिओला गेला आणि मग जहाजावर, वडील वारले, आता आईला जेवढं माहीत तेवढं. म्हणजे नावं सगळी माहीत आहेत त्याला, पण नावाच्या आतलं निम्मं नाही. हे तो अगदी सहज म्हणाला, दोरी गुंडाळत. औषधांचंही तसंच. औषधाला ते ब्वाई नाओराकी म्हणतात, शब्दशः आजाराची वस्तू, आणि कुठल्या पानाचं ते सगळ्यांना माहीत असतं पण कसं, किती, ते ज्याचं त्याचं. मी नोनीबद्दल विचारलं, ते नोन, तिच्या रसाच्या बाटल्या जगभर विकतात, मराठीत बारतोंडी, पिकल्यावर इतका घाण वास की जवळ उभं राहवत नाही. आजी म्हणाल्या पान गरम करून गळवावर ठेवतात. बास, यापुढे नाही.

गंजलेल्या डब्यांचं मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. काही रोपांच्या बुडाशी जुने टिनचे डबे दाबलेले दिसले, मला वाटलं कचरा. नाही, प्रवाळाच्या मातीत झाडांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, डबा गंजत गंजत ते देतो. हे ज्ञान काही पूर्वजांचं असू शकत नाही, तेव्हा डबे कुठे होते, पण पद्धत तशीच, जे हाताशी आहे ते टोपलीत घाला.

मोजण्याची एक गोष्ट सांगायची राहिली, ती मला सगळ्यात आवडली. किरिबाती भाषेत नुसतं ‘तीन’ म्हणता येत नाही, कशाचे तीन ते आकड्यालाच चिकटतं. माणसं आणि जनावरं मोजायला एक शेपूट, मान. होड्या वाहनांना वेगळं. झाडं मोजायला काई, आणि काई म्हणजेच झाड, लाकूड. इथपर्यंत ठीक. पण त्याच काईमध्ये जमिनीचे तुकडे पण मोजतात, आणि माशाचे गळ पण! जमिनीचं मला पटलं, रेतीला कोण विचारतो, जमीन म्हणजे तिच्यावरची झाडंच. पण गळ? बोसन म्हणाला गळ लाकडाचेच असायचे, शार्क पकडायचे ते तर ते ङेआचे. (हो, ङ. शाळेत वाङ्मयापुरता पाठ केलेला ङ मला अखेर इथे सुट्टा वापरायला मिळाला, त्यांच्या १३ अक्षरांत तो एक आहे.) ङेआ म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकात वाढणारं, लोखंडासारखं टणक लाकूड. गळ लाकडाचे म्हणून झाडांत मोजतात हे बोसनचं मत, मी भाषातज्ज्ञ नाही, पण मला ते आवडलं आणि मी ते ठेवून घेतलं. आणि पानं मोजायला जे शेपूट आहे, बा, त्यानेच कागद पण मोजतात. हे मात्र मला कोणी समजवायची गरज नव्हती. मी माझी वही उघडून एक पान दाखवलं, मग माडाखाली पडलेलं एक पान दाखवलं आणि सांगितलं, आमच्याकडे दोन्हीला पान. आजींना हे भाषांतर न करताच कळलं. त्यांनी वहीवर आणि पानावर आळीपाळीने बोट ठेवून दोनदा म्हणून पाहिलं, "बाना. बाना." प नाही ना त्यांच्याकडे, आणि त्यांच्यात न वर संपणारा शब्द चालतो तरी आजींनी का कोण जाणे एक आ जोडला.

प नाही, ल नाही, घ-झ-भ तर सोडूनच द्या. त्यामुळे बाहेरून आलेली झाडं आत शिरताना अंग चोरून शिरतात. पंपकिन झालं ते बाउकिन. चाफ्याचं प्लुमेरिया झालं ते मेरिया, आणि हे इतकं छान बसलंय की मला आधी वाटलं मूळचाच शब्द आहे. उलट जे शब्द खरंच जुने आहेत ते ऐकले की सगळा समुद्र जोडलेला दिसतो. नारळाचं नी हे सामोआत, टोंगात, फिजीत, हवाईत नीऊ आहे, फिलिपिन्समध्ये नियोग. नोन हे हवाईत नोनी. कांदळ किरिबातीत तोंगो आणि टोंगातही तोंगो. होड्यांतून माणसं गेली, सोबत कंद, रोपं गेली आणि नावं पण गेली, तीन हजार वर्षं होऊन गेली, नावं अजून एकमेकांना ओळखतात.

याच्या उलट गोष्ट बानाबाची. हे किरिबातीतलं एकच उंच बेट, आणि तिथे फॉस्फेट सापडलं १९०० साली. मग १९७९ पर्यंत खणत राहिले, बेटाचा वरचा थर, त्यावरची काईना आणि देशी बदामाची झाडं (ते कुनिकुन) सकट, जहाजात भरून दुसऱ्यांच्या शेतांवर खत म्हणून गेला. तिथली माणसं डिसेंबर १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवली, साधारण ७०० बानाबावासी आणि बाकीचे मिळून हजारएक. राबी हिरवंगार, डोंगर, ओढे. ऐकायला बरं वाटतं. पण बोसनच्या लांबच्या नात्यातली एक बाई तिथली होती, तिची आठवण तो सांगायचा, की म्हाताऱ्यांना तिथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला तर झाडांचा. एवढी झाडं, आणि एकाचंही नाव येत नाही. कुठलं खायचं कुठलं नाही. शेजाऱ्यांना विचारावं तर त्यांची भाषा वेगळी. माणूस एका दिवसात अडाणी होतो म्हणाला.

तिथल्या एका जुन्या कथेतला उल्लेख मला या बानाबाच्या गोष्टीनंतरच नीट लागला. नेई तितुआबिने नावाची देवी, ती मेल्यावर तिच्या डोक्यातून नारळ उगवला, बेंबीतून बदाम, टाचांतून काईना. म्हणजे तीन झाडं मिळून एक बाई. आजींनी ही गोष्ट सांगताना स्वतःच्या डोक्याला, पोटाला आणि टाचेला हात लावून दाखवला, टाचेपर्यंत वाकताना कण्हल्या आणि बोसनवर डाफरल्या की हात दे.

शेवटच्या दिवशी दुपारी मी खड्ड्याच्या काठावर बसलो होतो आणि पायाजवळ एक ओळखीची पालेभाजी दिसली. लाल देठ, जाडसर छोटी पानं, जमिनीला चिकटून पसरलेली. मी एक तुकडा तोडून तोंडात टाकला, आंबट, खारट. तीच. आजी बघत होत्या. "ते बोई," म्हणाल्या, आणि हाताने डुक्कर दाखवलं, म्हणजे डुकरांना घालतात, आणि मग पोटावर हात फिरवून चेहरा पाडला, म्हणजे पाऊस नसतो तेव्हा माणसं पण खातात. बोसन तिथे नव्हता. पहिल्यांदाच मधे कोणी नव्हतं.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, आमच्याकडे, घोळ.

आजींनी ओठ जुळवले. घ नाही, ळ नाही, शेवटी असलं व्यंजन चालत नाही. बराच वेळ त्या शब्दाला तोंडात इकडून तिकडे फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ते कोरो."

आणि स्वतःच खदाखदा हसायला लागल्या, इतक्या की घरातून सून बाहेर आली, तिला सांगितलं, तीही हसली. मला काही कळेना. संध्याकाळी बोसन माडावरून उतरला, कमरेला सुरी, हातात कारेवेची बाटली, तेव्हा त्याने सांगितलं की कोरो म्हणजे कापणे, तो आत्ता वर जे करत होता ते. वहीत मी बोईसमोर ‘घोळ’ लिहिलं होतंच, त्याच्या पुढे आजींनी मला बोटाने खूण करून तिसरा रकाना काढायला लावला आणि त्यात ‘ते कोरो’ लिहायला लावलं.